किल्ली कोणाच्या हाती?

मृगाचा पाऊस सुरू झाला की मालवणच्या किनाऱ्यावरील दुकानदार दोन गोष्टी गृहीत धरून चालतो. वीज जाणार, आणि परत येताना एखादे उपकरण निकामी करून येणार. समुद्राची खारी, दमट हवा दुकानाच्या लोखंडी फडताळापासून संगणकाच्या आतील जोडांपर्यंत सर्वांना वर्षभर हळूहळू खात असते. अशा हवेत जुना झालेला संगणक पहिल्याच गडगडाटात मान टाकतो, यात नवल नाही.

बाजारपेठेतील एका घाऊक किराणा दुकानात जूनच्या नऊ तारखेला नेमके हेच घडले. कुटुंब मूळचे कोल्हापूरकडील, दोन पिढ्यांपूर्वी घाट उतरून येथे स्थिरावलेले. दुकान मुलगा पाहतो. वडील, ज्यांना घरी आणि बाजारात सारेच अण्णा म्हणतात, सकाळी देवदर्शन आटोपून गादीवर येऊन बसतात. त्या संध्याकाळी संगणकाचा मदरबोर्ड जळाला. दुसऱ्या दिवशी कुडाळहून तंत्रज्ञ आला आणि नवा बोर्ड बसवला. हार्ड डिस्क सुदैवाने शाबूत होती, सारा हिशेब जागच्या जागी होता. परंतु यंत्र सुरू होताच पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करण्याची सूचना उमटली. आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडले, तर त्याने हा परवाना या संगणकाचा नाही असे सांगून नवी नोंद घेण्यास नकार दिला. जीएसटीआर-१ भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी, अकरा तारखेला संपत होती.

तंत्रज्ञ मात्र निश्चिंत होता. तो म्हणाला, "काकानू, काळजी करू नकात. दोघांकाय क्रॅक मारून देतंय, दहा मिनटांचां काम. पयलांय विंडोज तसलांच होतां."

या शेवटच्या वाक्याने अण्णा चमकले. सहा वर्षांपूर्वीचे संगणक खरेदीचे बिल काढून पाहिले. त्यात पडदा होता, कळफलक होता, प्रिंटर होता. विंडोजची ओळ कोठेच नव्हती. ज्या दुकानात कच्च्या बिलावर एक पोते घेतले जात नाही, तेथे सहा वर्षे चोरीच्या प्रणालीवर प्रत्येक पक्के बिल छापले गेले होते, आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते.

मुलाने विचारलेला प्रश्न साधा होता, आणि म्हणूनच कठीण होता. "अण्णा, ज्याचे पैसे मोजले त्या सॉफ्टवेअरने ऐन वेळी अडवले. ज्याचे मोजले नाहीत ते सहा वर्षे निमूट चालले. मग प्रामाणिक राहून मिळाले काय?"

हा प्रश्न आज आपल्या बहुतेक व्यापारी घरांत कोणी ना कोणी विचारत असतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी आपण नेमके काय विकत घेतो, हे समजून घेतले पाहिजे.

देवगड-मालवण पट्ट्यात आंब्याची बाग हंगामापुरती कराराने घेण्याची रीत आहे. घेणाऱ्याला फळाचा हक्क मिळतो. झाड आणि जमीन मालकाचीच राहते. सॉफ्टवेअरचा परवाना बराचसा असाच असतो. पैसे मोजून मिळते ती एक प्रत आणि ती ठरावीक अटींवर वापरण्याची मुभा. मूळ रचनेवरील हक्क निर्मात्याकडेच राहतो. आपल्या न्यायालयांनीही हा भेद स्पष्ट केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात, तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर विक्रीकराच्या दृष्टीने 'माल' ठरते असा निर्णय दिला. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस प्रकरणात, अशा सॉफ्टवेअरची प्रत विकत घेणे म्हणजे त्याचा कॉपीराइट विकत घेणे नव्हे, हेही त्याच न्यायालयाने सांगितले. पुस्तक विकत घेणाऱ्याला ते पुन्हा छापून विकण्याचा हक्क मिळत नाही, तसेच हे आहे.

प्रत काढणे पुस्तकापेक्षा सॉफ्टवेअरची फार सोपे, म्हणून हा वाद या व्यवसायाइतकाच जुना आहे. बिल गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी छंदी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले आणि आपल्या बेसिक या सॉफ्टवेअरच्या फुकट प्रती काढल्या जात असल्याची तक्रार केली. पुढे पंचवीस वर्षांनी, २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपासून घरगुती आणि छोट्या व्यावसायिक ग्राहकाला 'ॲक्टिव्हेशन' म्हणजे सक्रियकरण सक्तीचे झाले. त्याची रीत बँकेतील नमुना सहीसारखी आहे. संगणकाच्या वेगवेगळ्या भागांवरून त्याची एक खूण तयार होते, ती परवान्याच्या किल्लीशी जोडून कंपनीकडे नोंदली जाते, आणि पुढे दोन्ही जुळतात की नाही ते पाहिले जाते. या खुणेत मदरबोर्डाला मोठे वजन असते. बोर्ड बदलला की सही जुळत नाही, आणि खरा खातेदारही खिडकीवर अडतो.

येथेच किनारपट्टीच्या दुकानदाराची खरी अडचण आहे. पुण्याच्या वातानुकूलित कार्यालयात जो बोर्ड अनेक वर्षे चालतो, तो खाऱ्या हवेत आणि विजेच्या झटक्यांत लवकर जातो. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने सिंधुदुर्गात विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात होती, हे कोणी विसरलेले नाही. यंत्राचा भाग जितक्या वेळा बदलेल, तितक्या वेळा परवाना पुन्हा सिद्ध करावा लागेल. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मालवणचा पावसाळा नसतो. म्हणून मुलाच्या तक्रारीतील पहिला भाग खरा आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे.

तक्रारीच्या दुसऱ्या भागाचे मात्र तसे नाही. चोरीची प्रत 'निमूट' चालते, हा भ्रम आहे. क्रॅक बसवताना बहुधा विषाणूरोधक संरक्षण बंद करावे लागते, आणि सुरक्षेच्या सुधारणाही अनेकदा थांबवून ठेवल्या जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांतील माहितीला कुलूप घातले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. अर्थात अस्सल परवाना म्हणजे अभेद्य कवच, असेही मानू नये. त्याच वर्षी जूनअखेर आलेला नॉटपेट्या हा विषाणू युक्रेनमधील एका अस्सल हिशेब-सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून पसरला, आणि त्याची झळ न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचली. म्हणून माहितीची वेगळी प्रत ठेवणे दोघांनाही चुकत नाही. फरक इतकाच, की अस्सल परवानाधारक दाद मागू शकतो. दुसऱ्याला तक्रार करण्यासाठी तोंड उघडता येत नाही.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये संगणक-प्रणालीची गणना 'साहित्यकृती'त होते. त्यातील कलम ६३-ब नुसार चोरीची प्रणाली जाणीवपूर्वक वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकते. दुकानदाराला ती सवलत नाही. कलमातील महत्त्वाचा शब्द आहे 'जाणीवपूर्वक'. दहा जूनच्या सकाळपर्यंत अण्णांना ठाऊक नव्हते. तंत्रज्ञाच्या त्या एका वाक्यानंतर ते ठाऊक झाले. त्यानंतरचा प्रत्येक दिवस जाणीवपूर्वकच धरला जाणार होता.

परंतु अण्णांच्या मनात कायद्याच्या आधी दुसरी गोष्ट आली. अचौर्याणुव्रत आपल्या घरांत लहानपणापासून ऐकलेले असते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते व्यापाऱ्याला समोर ठेवूनच सांगितले असावेत असे वाटते. चोराला चोरीसाठी प्रवृत्त करणे, हा स्तेनप्रयोग. तंत्रज्ञाला 'टाक क्रॅक' म्हणणे याहून वेगळे नाही. चोरून आणलेली वस्तू घेणे, हे तदाहृतादान. राज्याचा नियम मोडून व्यवहार करणे, हा विरुद्धराज्यातिक्रम. आणि अस्सलच्या जागी तशीच दिसणारी नकली वस्तू वापरात आणणे, हा प्रतिरूपकव्यवहार. उरलेला अतिचार खोट्या वजनमापांचा. आपला दुकानदार त्या बाबतीत किती काटेकोर असतो, हे सांगायला नको. वैधमापन खात्याकडून काटा पडताळून घेऊन त्यावर वेळेवर मुद्रा मारून घेतो आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावतो. काट्याचे शुल्क भरताना ज्याला अवघड वाटत नाही, त्याच्याच काट्याशेजारील संगणकात उरलेल्या चारही अतिचारांना जागा मिळावी, हे चमत्कारिकच आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूची चोरी ही चोरी वाटत नाही, इतकेच त्याचे कारण.

अण्णांनी मुलाला एवढेच सांगितले, "त्याचे दार अडते हे खरे. पण दार अडते म्हणून भिंत फोडून आत जायचे का? आणि किल्ली आपण कुठे ठेवली होती, ते आधी पाहू."

ती शोधताना दुसरी चूक सापडली. हिशेबाचे सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेले होते. पण त्याची नोंदणी चार वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या हिशेबनीसाच्या वैयक्तिक ईमेलवर होती. पैसे दुकानाचे, बिल दुकानाचे, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात. तिजोरीच्या बाबतीत असा गाफीलपणा कोणत्याही पेढीने केला नसता.

तोवर विवरणपत्राचे काय? सुटीला पुण्याहून आलेल्या नातीजवळ मॅक होता. हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर बसणारे नव्हते. परंतु जीएसटीचे संकेतस्थळ कोणत्याही प्रणालीवरील ब्राउझरमध्ये उघडते. बिलांच्या छापील प्रती फाइलमध्ये क्रमाने लावलेल्या होत्या. अकरा तारखेच्या रात्री सून एकेक बिल वाचत गेली, नात नोंदवत गेली, आणि साडेअकराच्या सुमारास विवरणपत्र दाखल झाले. कागदी प्रत ठेवण्याच्या ज्या सवयीला मुलगा नेहमी हसत असे, तिनेच त्या रात्री वेळ निभावली.

या निमित्ताने वेगवेगळ्या प्रणालींचे स्वभाव माहीत करून घेणे उपयोगाचे ठरेल.

विंडोजचे परवाने मुख्यतः दोन प्रकारचे असतात. नव्या संगणकासोबत येणारा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. विंडोज ८ पासून नामांकित कंपन्यांच्या यंत्रांत त्याची किल्ली बोर्डातच कोरलेली असते, त्यामुळे बोर्ड गेला की तीही जाते. सुटा विकत घेतलेला परवाना महाग पडतो, परंतु एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. २०१६ पासून तो मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवण्याची सोय आहे. ज्याने ती आधी वापरली, त्याला बोर्ड बदलल्यावर परवाना परत मिळवणे सोपे जाते. वारंवार बोर्ड जाणाऱ्या किनारपट्टीवर म्हणून स्वस्त परवानाच शेवटी महाग पडू शकतो. काही शे रुपयांत इंटरनेटवर मिळणाऱ्या किल्ल्या बहुधा कोणा संस्थेच्या घाऊक करारातून फुटलेल्या असतात. त्या केव्हाही रद्द होतात. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, हेही ध्यानात असावे.

मॅकची प्रणाली २०१३ पासून विनामूल्य सुधारित होते, किल्ली विचारत नाही. पण ती ॲपलच्याच यंत्रावर चालते, म्हणजे तिची किंमत यंत्रातच मोजलेली असते. जुना मॅक घेताना पहिल्या मालकाने आपले खाते त्यावरून काढले आहे ना, हे पाहावे. अन्यथा नवीन मालकाच्या हाती कुलूपबंद पेटी येते.

तिसरा मार्ग लिनक्सचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभली, १९९१ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला, आणि आज ही प्रणाली कोणालाही घेण्यास, वाटण्यास व बदलण्यास मोकळी आहे. सी-डॅकने तिचे बॉस हे भारतीय रूपही तयार केले आहे. पत्रव्यवहार आणि तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस पुरेसे आहे, आणि मुंबईत आकारास आलेले जीएनयूखाता हे हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअरही आहे. आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदान सांगणाऱ्या परंपरेला हा विचार परका वाटू नये. मात्र येथेही परवाना असतोच, फक्त तो देणारा उदार असतो. अडचण दुसरीकडे आहे : आपल्या बाजारात रुळलेली हिशेबाची आणि छपाईची अनेक सॉफ्टवेअर विंडोजसाठीच लिहिलेली आहेत. टॅली हे त्याचे ठळक उदाहरण. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी आरंभलेल्या या उद्योगाने देशातील व्यापाऱ्याला संगणकावर आणले. त्याचा परवानाही संगणकाशी बांधलेला असतो. यंत्र बदलण्यापूर्वी तो 'सरेंडर' करून मग नव्यावर सक्रिय करणे, ही त्याची योग्य रीत.

छापखान्यांची स्थितीही अशीच. मराठीतील असंख्य लग्नपत्रिका आणि पंचकल्याणक महोत्सवांच्या पत्रिका पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर जुळल्या. तिच्यासोबत संगणकाला लावायचे छोटे 'लॉक' येत असे. ते हरवले की काम थांबले. युनिकोडपूर्व काळातील त्या फाइली आज तो टंक नसलेल्या संगणकावर वाचता येत नाहीत. संस्थांनी जुने साहित्य वेळीच युनिकोडमध्ये आणून ठेवणे शहाणपणाचे आहे.

व्यवहारात करायचे ते थोडेच आहे. संगणक घेताना बिलावर प्रणालीची स्वतंत्र ओळ लिहून घ्यावी. ती नसेल तर विचारावे. प्रत्येक परवान्याची नोंदणी पेढीच्या स्वतःच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइलवर असावी, तंत्रज्ञाच्या वा हिशेबनीसाच्या नव्हे. बिल, अनुक्रमांक आणि किल्ली यांची छापील नोंद अन्नपरवान्याच्या फाइलमध्येच ठेवावी. माहितीची प्रत दररोज वेगळ्या डिस्कवर घ्यावी. कायदेशीर परवानाधारकाला खुद्द सॉफ्टवेअरचीही राखीव प्रत ठेवण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. परवाना संपला म्हणून ते दाखवता आले नाहीत ही सबब चालणार नाही, म्हणून वर्षाअखेरीस खातेवह्या पीडीएफ स्वरूपात काढून ठेवाव्यात. खर्चाचे म्हणाल, तर सॉफ्टवेअरवरील १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला नियमाप्रमाणे मिळते, आणि प्राप्तिकरात संगणक व सॉफ्टवेअर एकाच गटात ४० टक्के घसाऱ्यास पात्र धरले जातात. काटकसरीसाठी चोरी करण्याइतका हा खर्च मोठा नाही.

मालवणच्या दुकानात पुढे गोष्टी सावकाश मार्गी लागल्या. जुने बिल आणि जीएसटी क्रमांक पाठवून दोन-तीन दिवस दूरध्वनी केल्यावर हिशेबाचा परवाना पेढीच्या नावे फिरवून मिळाला. त्या दिवसांत बिले हातानेच लिहिली गेली. ग्राहकांनी थोडी कुरकुर केली आणि थांबले. विंडोजचा सुटा परवाना विकत घेतला गेला. गोदामातील जुन्या संगणकावर, जेथे फक्त आवक-जावक नोंदायची असते, नातीने लिनक्स आणि लिब्रेऑफिस बसवून दिले. तंत्रज्ञाला अण्णांनी रागे भरले नाही. त्याची मजुरी पूर्ण दिली, आणि यापुढे या दुकानात जे लागेल त्याचे बिल लावायचे, लपवायचे नाही, एवढे सांगितले. तोही थोडा ओशाळला. त्याचे गिऱ्हाईक स्वस्त मागते म्हणून तो तसे देतो, हे त्याने मोकळेपणाने सांगितले, आणि ते खोटे नव्हते.

मुलाचा प्रश्न मात्र राहिलाच होता. प्रामाणिक राहून मिळाले काय? अण्णांनी त्यावर प्रवचन केले नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसताना त्यांनी अजाणता घडलेल्या त्या सहा वर्षांच्या दोषाची आलोचना केली. दुसऱ्या दिवशी मुलाने आपण होऊन वहीत संगणक परवान्याचे नवे खाते उघडले आणि पहिली नोंद स्वतःच्या हाताने घातली.